'हे खरं आहे का?' असं विचारायचं कुणाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीच्या आसपासच्या खोल्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे कामगार राहतात, तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत बाहेरच्या टोळ्या उतरतात आणि गळीत हंगामात बीडकडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, येतात. या लोकांच्या मोबाइलवर काहीही येतं, आणि या लोकांविषयी गावाच्या मोबाइलवर काहीही फिरतं. परदेशात निर्वासितांसाठी माध्यम साक्षरतेचे वर्ग घेतात. तसं एखाद्या मंडळाला किंवा वाचनालयाला इथं करता येईल का?

येईल. फक्त वर्गापासून सुरुवात करू नका. वर्ग ही तिसऱ्या महिन्यातली गोष्ट आहे.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. निर्वासित म्हणजे छळाच्या किंवा युद्धाच्या भीतीनं देश सोडून आलेला माणूस. त्याच्यासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारतानं त्यावर सही केलेली नाही. आपल्या भागाला निर्वासित अगदीच नवे नाहीत. शेजारच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश लोकांची छावणी होती, आणि पुढं त्याच जागी सिंधी निर्वासितांचं गांधीनगर वसलं. पण कुपवाडचा बिहारी कामगार निर्वासित नाही. तो नागरिक आहे, आणि देशात कुठंही जाऊन राहण्याचा हक्क त्याला राज्यघटनेच्या कलम १९ नं दिलेला आहे. त्यामुळं 'यांना इथं राहू द्यायचं का' असल्या चर्चेत शिरूच नका. निर्वासितांबरोबरच्या कामातून आपल्याला घ्यायचं ते एवढंच, की अनोळखी भाषेच्या मुलखात माणूस माहिती कशी मिळवतो आणि कुठं फसतो.

२०१६ मध्ये बाल्कन देशांनी सीमा बंद केल्या आणि ग्रीसमध्ये हजारो लोक अडकले. १४ मार्चला मॅसिडोनियाच्या सीमेवरच्या इडोमेनीच्या छावणीत अरबी भाषेतलं एक पत्रक फिरलं. सीमा आता उघडणार नाही, या वाटेनं नदी ओलांडा, असा मजकूर आणि खाली नकाशा. हजाराहून जास्त माणसं मुलंबाळं घेऊन निघाली, नदी ओलांडून गेली, आणि पलीकडच्या सैन्यानं त्यांना परत पाठवलं. त्याच सुमारास तिघं अफगाण नदीत बुडून मेले. हे लोक अडाणी नव्हते. त्यांच्यात शिकलेले होते, स्मार्टफोन तर बहुतेकांकडं होते. पण सरकारी माहिती उशिरा येत होती, कळेल अशा भाषेत येत नव्हती, आणि विचारायला कुणी नव्हतं. त्या पोकळीत पत्रक बसलं. त्या काळात तिथं 'न्यूज दॅट मूव्हज' नावाचा उपक्रम चालत होता. त्यांची माणसं छावण्यांतून फिरून आज काय बोललं जातंय ते टिपायची, खातरजमा करायची आणि अरबी, फारसी, ग्रीक, इंग्रजीत उत्तर परत पोचवायची. आधी ऐकायचं आणि मग बोलायचं, हा क्रम आपल्याला तिथून उचलायचा आहे.

आपल्याकडचं उदाहरणही तितकंच बोलकं आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार असे एसएमएस फिरले, आणि बंगळूर-पुण्यातून हजारो मुलं-मुली रेल्वेनं गावाकडं निघून गेली. केंद्र सरकारनं १५ दिवसांसाठी घाऊक एसएमएस दिवसाला पाचवर आणले. तेव्हा व्हॉट्सअॅपचा एवढा बोलबाला नव्हता. म्हणजे दोष केवळ यंत्राचा नाही. परक्या गावात शेजारी ओळखीचा नसतो, त्यामुळं 'अरे, असं काही नाही' हे सांगायला कुणी नसतं, आणि गाडी पकडणं हाच शहाणपणा वाटतो.

म्हणून पहिले सहा आठवडे एक वही घाला. शंभर पानी, उभे रकाने. तारीख, नेमकं काय ऐकलं (बोलणाऱ्याच्याच शब्दांत, सुधारून नाही), कुठं ऐकलं किंवा कशावर आलं, हे ऐकून लोक काय करायच्या बेतात आहेत, आपण काय शोधलं, उत्तर कधी परत दिलं. नावं लिहायची नाहीत, मोबाइल नंबर तर नाहीतच. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नवखे कार्यकर्ते नेमका तोच मोकळा सोडतात. 'रेशन बंद होणार' असं ऐकून माणूस नुसता कुरकुरतोय, का कार्ड काढून देणाऱ्या दलालाला ५०० रुपये द्यायला निघालाय, यावर आपली घाई ठरते. जिथं मारहाणीची किंवा पळापळीची शक्यता आहे तिथं तासाभरात उत्तर हवं. पैसे जाणार असतील तर त्याच दिवशी. बाकीचं आठवड्याला एकदा चालतं.

ऐकायला कुठं जायचं? सभेत नाही. रिचार्जचं दुकान, डबे देणारी खानावळवाली, किराणावाला, चहाची गाडी, आशाताई. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रिचार्जच्या दुकानात अर्धा तास नुसतं बसलात तर वहीचं पान भरतं. ऊसतोड टोळीत बाजारचा दिवस बघा, किंवा कारखाना बंद पडून तोड थांबलेली असेल तो दिवस. पहाटे फडात गेलात तर तुम्हाला कुणी विचारणार नाही, आणि ते बरोबरच आहे. मुकादम किंवा ठेकेदारालाच निरोप्या करण्याचा मोह टाळा. त्याच्याकडून निरोप लवकर पोचतो हे खरं. पण उचल (आगाऊ दिलेले पैसे), हिशोब, मजुरी यांतला तो स्वतः एक पक्ष आहे, आणि त्या विषयांवरचे प्रश्न त्याच्यामार्फत कधीच वर येत नाहीत.

सहा आठवड्यांनी वही उघडलीत की दिसेल, राजकारणाच्या बातम्या फारशा नसतात. रेशन, कार्डं, पैसे, बँक, पोलीस, गावाकडं जाणारी गाडी, मुलांची शाळा, एवढंच असतं. एक नमुना जवळून बघू, कारण असे निरोप बनतात कसे ते त्यातून कळतं.

'ई-श्रम कार्डवाल्यांना दरमहा ३००० रुपये सुरू. लवकर फॉर्म भरा', आणि खाली लिंक. यात ई-श्रम खरं आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते पोर्टल सुरू झालं, १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराला १२ आकडी क्रमांक मिळतो आणि स्वतः नोंदणी केली तर पैसे लागत नाहीत. ३००० रुपयेही खरेच आहेत, पण ते प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन या वेगळ्या योजनेतले. तिच्यात १८ ते ४० वयात नाव घालायचं, वयाप्रमाणं महिन्याला ५५ ते २०० रुपये स्वतः भरायचे, आणि साठीनंतर ३००० पेन्शन. दोन खऱ्या गोष्टी शिवून एक खोटी तयार झाली. अशा वेळी 'हे खोटं आहे' एवढंच बोललात तर समोरचा दुखावतो, कारण त्याच्या खिशात ई-श्रम कार्ड आहे आणि ते खरं आहे. कार्ड खरं, पेन्शनही खरी, मात्र ती साठीनंतर आणि पैसे भरून, आणि या लिंकवर काहीच नाही, असं सुटं करून सांगावं लागतं.

लिंक ओळखायची एक खूण निरक्षर माणसालाही शिकवता येते. बहुतेक सरकारी पत्त्यांत शेवटी 'टिंब गव्ह टिंब इन' असतं. ठगाच्या पत्त्यात 'गव्ह'च्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ असते, किंवा 'गव्ह'च्या पुढं आणखी शेपूट असतं. ही अक्षरं कार्डशीटवर मोठी काढून दाखवा. आकार लक्षात राहतो. दुसरी खूण त्याहून सोपी: व्हॉट्सअॅपवरून आलेली, शेवटी 'एपीके' असलेली फाइल उघडायचीच नाही, मग ती बँकेच्या नावानं येवो, पीएम किसानच्या नावानं येवो नाहीतर लग्नपत्रिका म्हणून. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन. उशीर झाला की रक्कम खात्याखात्यांतून पुढं सरकते आणि रोखता येत नाही. फोन करताना बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक हाताशी हवा. घाबरून तो मेसेज खोडणारे बरेच असतात, म्हणून 'मेसेज पुसू नको' हे आधीच सांगून ठेवा.

रेशनचं एक उत्तर पाठच असू द्या, कारण ते हमखास विचारलं जातं. अन्न सुरक्षा यादीतल्या कार्डावर देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात, आधारचा अंगठा देऊन, केंद्राचं धान्य मिळतं. नवरा इथं आणि कुटुंब गावी असेल तर वाटून उचलता येतं. राज्यानं आपल्या पदरचं जे जादा दिलेलं असतं ते मात्र इथं मिळत नाही, आणि दुकानात वाद होतो तो नेमका यावरून. 'इथलं कार्ड नाही' म्हणून परत पाठवलं तर १४४४५ हा मदतीचा क्रमांक आहे.

आता निरोप कसा द्यायचा ते. लिहिलेला नको, बोललेला हवा. ४५ ते ६० सेकंद, एकच विषय. सुरुवातीला तारीख, कारण आवाजी निरोप सहा महिन्यांनीही फिरत राहतो. मग कोण बोलतंय. मग खरी गोष्ट. अफवेचा उल्लेख एकदाच, मधे, आणि पुन्हा खरी गोष्ट. बहुतेक जण अफवेनंच सुरुवात करतात, 'असं फिरतंय की...', आणि ऐकणारा पहिली दहा सेकंद ऐकून पुढं ढकलतो. तुमच्याच आवाजात अफवा गावभर. शेवटी विचारायचा नंबर.

भाषेत गाडी सर्वांत जास्त अडते. हिंदीत सांगितलं की सगळ्यांना कळलं, हा आपला गोड समज आहे. ओडिशातून आलेल्या बाईला हिंदी निम्मी कळते. बीडच्या टोळीत लमाण तांड्यावरचं कुटुंब असेल तर घरात गोरमाटी असते. जतच्या पूर्व भागात तर गावाचीच भाषा कानडी आहे, तिथं मराठी कार्यकर्ताच पाहुणा. बांगलादेशात कॉक्स बझारला रोहिंग्यांसाठी शेजारची चटगावी बोली वापरली गेली, कारण कानाला ती सारखीच वाटते. प्रत्यक्षात अनेकांना साधी वाक्यंही धड कळत नव्हती. जवळची भाषा जास्त फसवते, कारण समोरचा मान हलवतो आणि आपण खूश होतो. म्हणून निरोप ऐकवल्यावर 'समजलं का?' विचारू नका. 'आता तू घरी फोन करून काय सांगशील?' असं विचारा. जे उलट येईल तेवढंच पोचलं.

कागदी नोटीस लावायचीच झाली तर एक बदल करून बघा. आपल्याकडं साधारण असं लिहितात: 'सर्व परप्रांतीय भाडेकरूंनी आपली कागदपत्रे तात्काळ जमा करावीत, अन्यथा कारवाई करण्यात येईल.' संध्याकाळपर्यंत याचं भाषांतर 'आपल्याला हाकलणार' असं झालेलं असतं, आणि दोन खोल्या रिकाम्या. तीच गोष्ट अशी: 'खोलीमालकानं भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची आहे. भाडेकरूनं आधारची झेरॉक्स आणि एक फोटो मालकाकडं द्यावा. मूळ कार्ड देऊ नये. पैसे लागत नाहीत. शेवटचा दिवस अमुक. कुणालाही खोली सोडायला सांगितलेलं नाही.' यात कुणाला, काय, किती, कधीपर्यंत आणि कशाची भीती नको, एवढं सगळं आलं. 'परप्रांतीय' हा शब्द गेला, आणि त्यावाचून काहीही अडलं नाही.

व्हॉट्सअॅपच्या बाबतीत: ग्रुप काढू नका. ग्रुपवर बायकांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि आठवड्यात नको ते फोन सुरू होतात. ब्रॉडकास्ट यादी करा, तिच्यातून निरोप प्रत्येकाला सुटा जातो. एका यादीत २५६ जण मावतात. पण ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो, हे ध्यानात न घेता लोक महिनाभर हवेत निरोप सोडत बसतात. नंबर साठवून घेणं हे समोर बसून, हातात हात धरून करायचं काम आहे. आणि ज्यांच्याकडं फोनच नाही, किंवा फोन नवऱ्याकडं असतो, त्यांच्यासाठी खानावळवाली आणि आशाताई. रेडिओही विसरू नका: माण भागात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, जत तालुक्यात जालिहाळची येरळावाणी ही सामुदायिक केंद्रं आहेत, आणि सांगली आकाशवाणी आहेच.

आता तिसऱ्या महिन्यातला वर्ग. १२ ते १५ जण, ४५ मिनिटं, रात्री जेवणाआधी. बायकांचा वेगळा. भिंतीवर पडदा टाकून भाषण दिलंत तर झोपतील. त्यांच्याच फोनवर आलेला एखादा व्हिडिओ घ्या आणि चार गोष्टी करून घ्या. थांबवा. पाटी, गाडीचा नंबर, कपडे, पाऊस, यांतलं काय ओळखीचं दिसतंय ते विचारा. त्या जागेचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीत, टाका. जुनी तारीख किंवा दुसराच देश निघाला की वर्गात जो हशा पिकतो, तो तासभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त टिकतो. मग 'पुढं पाठवण्याआधी एक फोन', एवढीच एक सवय. पाच-पाच सवयी एका बैठकीत शिकवल्या की एकही राहत नाही.

इथवरचं सगळं बाहेरून आलेल्यांसाठी. खरं सांगायचं तर याची जास्त गरज गावाला आहे. जत तालुक्यातल्या लवंग्याचं प्रकरण सप्टेंबर २०२२ चं: उत्तर प्रदेशचे चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते, वाटेत एका मुलाला रस्ता विचारला, भाषा जुळली नाही, आणि मुलं पळवणारी टोळी समजून त्यांना पट्ट्याकाठ्यांनी मारलं. ते वाचले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण वाचले नाहीत. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलेलं होतं, तिथंच जमावानं त्यांना ठेचून मारलं. म्हणजे माणसांना नुसतं खोलीत बसवणं पुरत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवायची मर्यादा जाहीर केली.

गावानं आधीच ठरवून ठेवायचं असतं: 'पोरं पळवणारे आलेत' असा निरोप आला तर पहिल्या दहा मिनिटांत कोण काय करणार. एकानं ११२ ला फोन. पोलीस पाटलाला कळवणं. सरपंच किंवा गावात ज्याचा शब्द चालतो त्याचा वीस सेकंदांचा आवाज सगळ्या ग्रुपवर: आज, अमुक वाजता, मी अमुक बोलतोय, एकही पोर हरवलेलं नाही, माणसं बसवून ठेवलीत, पोलीस निघालेत, कुणी येऊ नका. ओळखीच्या आवाजावर गर्दी थांबते. टाइप केलेल्या खुलाशावर थांबत नाही. संशयितांचा फोटो कुणीही टाकायचा नाही, 'खात्री करा' म्हणूनसुद्धा नाही. अफवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा होऊ शकतो, हे शांत दिवसात सांगून ठेवा. पेटलेल्या दिवशी कलमं कुणी ऐकत नाही.

गावाच्या बैठकीत एक गोष्ट फार उपयोगी पडते. खानापूर-आटपाडीत घरटी कुणीतरी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात केरळ, तमिळनाडू नाहीतर बंगालमध्ये आहे. तिथल्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर परकं असतं. 'तिकडं पहिल्या वर्षी बातमी कुठून कळायची?' एवढं त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला बोलू द्या. बाकीचं तोच सांगेल.

तालुक्याच्या वार्ताहरांशीही एकदा चहा घ्या. मागणी एकच: गुन्ह्याशी संबंध नसेल तर मथळ्यात 'परप्रांतीय' नको.

पुराचं थोडं वेगळं आहे, कारण तिथं आकडा खरा असूनही गोंधळ होतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, हे इथल्या पोरालाही ठाऊक. कर्नाळ रोडला किंवा सूर्यवंशी प्लॉटला खोली घेतलेल्या नव्या माणसाला 'कोयनेतून ५०००० क्युसेक' यातून काहीच कळत नाही. त्याला वाक्य हवं ते असं: 'पुलाला अमुक फूट झालं की तुमच्या गल्लीत पाणी येतं, त्याआधी एवढ्या फुटाला सामान उचला, निवारा अमुक शाळेत.' गल्लीनिहाय हा आकडा जुन्या रहिवाशांकडून घेऊन जूनच्या आत दारामागं चिकटवा. आणि कोयनेला तडा गेल्याचा व्हिडिओ दर पावसाळ्यात येतो, त्याचं उत्तर आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवा.

काय चुकतं, यातलं शेवटचं आणि नेहमीचं: उत्तर सापडलं नाही की कार्यकर्ते गप्प बसतात. चोवीस तासांत 'अजून कळलेलं नाही, तहसीलमध्ये विचारलंय, परवा सांगतो' एवढं तरी परत गेलं पाहिजे. एकदा गप्प बसलात की पुढचा प्रश्न तुमच्याकडं येत नाही. आणि आधारच्या झेरॉक्स गोळा करू नका, 'नोंद ठेवायला' म्हणूनही नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पोलिसांचं माणूस ठरता.

काम चाललंय का हे हजेरीवरून मोजू नका. वहीत बघा: महिन्याला किती प्रश्न आपणहून आले, आणि ऐकल्यापासून उत्तर परत जाईपर्यंत किती तास लागले. पहिला आकडा वाढला आणि दुसरा घटला तर बरं चाललंय. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळ्या परत जातात, बऱ्याच जणांची सिमं बदलतात आणि यादी निम्मी मरते. तुमचा नंबर मात्र तोच ठेवा. तो टोळीतल्या एखाद्या बाईच्या पत्र्याच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेला असतो.